दोन बाणांच्या मधे

दहावीला विज्ञानाच्या बाई फळ्यावर तीन शब्द लिहायच्या: डीएनए, आरएनए, प्रथिन. मधे दोन बाण, एकावर ‘प्रतिलेखन’, दुसऱ्यावर ‘भाषांतरण’. परीक्षेला तेवढं पुरायचं. मी मात्र हात वर करून विचारलं, “बाई, आरएनए तयार झाला की लगेच कामाला लागतो का?” वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “पुस्तकात एवढंच आहे. पण विचारलंस ते लिहून ठेव.” वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंही. आज माझं सगळं काम त्या दोन बाणांच्या मधल्या जागेत चालतं, आणि तेही यीस्टमध्ये.

यीस्ट म्हटलं की लोकांना वाटतं, एका पेशीच्या जीवात पाहण्यासारखं काय असणार! आम्ही वापरतो त्या यीस्टचा संपूर्ण जनुकसंच 1996 मध्ये वाचून झाला: डीएनएची सुमारे सव्वा कोटी अक्षरं, सहा हजारांच्या आसपास जनुकं. त्यांच्यावरून निघणारा आरएनए कधी एकटा नसतोच. तो बाहेर येत असतानाच प्रथिनं त्याला धरायला लागतात. कोणी त्याच्या सुरुवातीच्या टोकावरची टोपी धरतं, कोणी शेवटची शेपटी. शेपटीवरच्या प्रथिनाचं नाव पॅब1. एनआरडी1 आणि एनएबी3 ही प्रथिनांची जोडी ठरावीक चार-पाच अक्षरं शोधते आणि नको असलेला आरएनए लांबण्याआधीच थांबवते. (ही नावं मला आजही रेल्वेच्या डब्यांच्या क्रमांकांसारखी वाटतात.)

माझं सगळ्यात आवडतं प्रथिन मात्र एल30. ते रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचा, एक भाग असतं. यीस्टच्या जनुकांपैकी जेमतेम 5 टक्के जनुकांत इंट्रॉन, म्हणजे कापून टाकायचे तुकडे असतात. एल30 च्या जनुकात तो आहे. रायबोसोम बांधायचे असतील, तर एल30 तिकडे खपतं. गरजेपेक्षा जास्त झालं की ते स्वतःच्याच कच्च्या आरएनएवर, इंट्रॉनच्या सुरुवातीजवळ, जाऊन बसतं. मग इंट्रॉन कापला जात नाही आणि नवं एल30 बनणं थांबतं. गंमत म्हणजे आरएनएची तिथली घडी रायबोसोममधल्या त्याच्या नेहमीच्या जागेसारखीच असते. प्रथिनाला दोन्ही जागा ओळखीच्याच वाटत असणार. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप आली नाही.

पुढचं सगळं कौतुकाचं नाही. पहिल्या वर्षी महिनाभर माझ्या जेलवर, म्हणजे आरएनए लांबीनुसार वेगळा करून पाहायच्या थरावर, काहीच धड दिसेना. चांगला आरएनए असेल तर रायबोसोममधल्या आरएनएचे, 25एस आणि 18एस नावाचे, दोन ठळक पट्टे दिसतात. माझ्या जेलवर वरपासून खालपर्यंत नुसता फराटा. रसायनं बदलली, यीस्ट नव्याने वाढवलं, यंत्राला दोष दिला. शेवटी कळलं, मी हातमोजे घालून दाराची कडी उघडायची, वही चाळायची आणि त्याच हातांनी नळ्या उचलायची. आरएनए मोडणारी विकरं आपल्या त्वचेवरच असतात, आणि ती उकळूनही मरत नाहीत. मोजे दर वेळी बदलायला लागले, आणि चौथ्या दिवशी दोन पट्टे स्वच्छ उभे राहिले.

मागच्या वर्षी बाईंशी फोनवर बोलले. आता त्या निवृत्त आहेत. एल30 ची गोष्ट सांगितली, तर म्हणाल्या, “मग तो न कापलेला आरएनए जातो कुठे?” म्हटलं, बराचसा केंद्रकातून बाहेर पडतो, आणि तिथे चुकीचे संदेश ओळखणारी यंत्रणा त्याला मोडून टाकते.

“मग बाहेर सोडलाच कशाला?” बाईंनी लगेच विचारलं.

मी गप्प.