ईसीजीवर ‘अ‍ॅबनॉर्मल’ छापून आलंय? आधी हे बघा

ईसीजीच्या कागदावर वर छापलेला निष्कर्ष मशीनचा असतो, डॉक्टरांचा नाही. त्यामुळे पहिली गोष्ट ही बघायची, की डॉक्टरांनी आलेख वाचून खाली सही केली आहे का.

मशीन ‘जुना हार्ट अटॅक’ लिहितं तेव्हा कित्येकदा चूक इलेक्ट्रोडच्या जागेची असते. व्ही१ आणि व्ही२ हे दोन इलेक्ट्रोड छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना, चौथ्या आणि पाचव्या फासळीमधल्या फटीत लागतात. ते वर सरकले की धडधाकट हृदयातही जुन्या अटॅकच्या खुणा दिसू शकतात. दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या, तर लीड १ चा, म्हणजे दोन हातांमधला, आलेख उलटा येतो. शंका असेल तर योग्य जागी लावून ईसीजी पुन्हा काढा. एवढं न करता थेट अँजिओग्राफीच्या खर्चाची चौकशी सुरू होते, हे बघून वाईट वाटतं.

मिनिटाला साठच्या खालचे ठोके नियमित पळणाऱ्याला शोभतात. चक्कर किंवा अंधारी येत असेल तर मात्र तपासणी हवी. काही त्रास नसेल तर आरबीबीबी (हृदयाच्या उजव्या बाजूच्या विद्युतमार्गातला अडथळा) बहुधा निरुपद्रवी. एलबीबीबीचं, म्हणजे डाव्या बाजूच्या अशाच अडथळ्याचं, तसं नाही. तो नव्यानं दिसला तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून कार्डिओलॉजिस्टना दाखवा. त्यात साध्या टीएमटीचा (ट्रेडमिलवर चालवून काढलेल्या ईसीजीचा) उपयोग नसतो, कारण आलेखाच्या ‘एसटी’ भागातले बदल वाचताच येत नाहीत. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) असेल तर काही जाणवत नसलं तरी थांबू नका. हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. क्यूटीसी (ठोक्यातली विद्युतक्रिया पूर्ण व्हायला लागणारा क्यूटी वेळ, ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केलेला) ५०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि चालू असलेली सगळी औषधं सोबत न्या. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं नेहमीचं अँटिबायोटिकही क्यूटी वाढवतं.

इकोमधलं ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ (हृदय सैल पडण्यातला सौम्य दोष) साठीनंतर सर्रास दिसतं. तिथे बीपी आणि साखर सांभाळायची. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं त्या रक्ताचं प्रमाण) ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल, किंवा ‘आरडब्ल्यूएमए’ (हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग नीट न हलणं) लिहिलं असेल, तर कार्डिओलॉजिस्टकडे जायला उशीर नको.

सगळ्यात घातक गैरसमज नॉर्मल ईसीजीचा. अटॅक सुरू असतानाही पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. छातीत दाब, घाम, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल, तर ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून घरी परतू नका. ईसीजी थोड्या वेळानं पुन्हा काढावा लागतो, ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) काही तासांनी परत बघावं लागतं. घरून निघताना स्वतः गाडी चालवू नका, १०८ ला फोन करा. जुना ईसीजी असेल तर सोबत घ्या. आजचा बदल नवा की जुना, हे डॉक्टरांना त्यावरूनच चटकन कळतं.