यादीत वही नाही

परवा जेलमध्ये मुलाखतीच्या जाळीपलीकडून अशिलाने शंभरपानी वही वर धरली. कच्चा कैदी, दोन वर्षं आत. वही कवितांनी भरलेली, ती बायकोकडे पोचवायची होती. दारावरचे हवालदार म्हणाले, "मॅडम, यादीत वही नाही."

राज्य सरकारने हेच सर्वोच्च न्यायालयात सांगून पाहिलं होतं, १९६५ साली. कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी १९६२ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध झाले, म्हणजे खटल्याविना आत. आत बसून त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले, सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी चक्क पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली आणि ठरवलं, हे निव्वळ विज्ञान आहे, देशाला धोका नाही, जाऊ द्या बाहेर. अपिलात सरकारचं म्हणणं असं की स्थानबद्धाला नियमांत लिहिलेल्या तेवढ्याच सवलती. न्या. सुब्बाराव यांनी ते उलटं केलं: त्या सवलती नव्हेत, निर्बंध आहेत, आणि ज्यावर निर्बंध नाही ते करायला तो मोकळा आहे.

आणीबाणी तेव्हाही होतीच, चीन युद्धामुळे. पण १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने कोर्टाची दारं बंद झाली ती फक्त 'या कायद्याखाली', म्हणजे भारत संरक्षण कायद्याखाली, स्वातंत्र्य गेलेल्यांना. कृती कायद्याबाहेरची असेल तर दाद मागता येत होती. १९७५ च्या आदेशात ती अट ठेवलीच नाही. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत टाकलेल्यांच्या हेबिअस कॉर्पस अर्जांवर (बंदीला कोर्टापुढे आणून अटक कायदेशीर आहे का ते तपासा, अशी मागणी) नऊ उच्च न्यायालयांनी तरीही 'आम्ही ऐकणार' म्हटलं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते पुसलं. एकटे न्या. खन्ना विरोधात. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून सरन्यायाधीशपद न्या. बेग यांना दिलं गेलं. तो बहुमताचा निकाल खोडायला २०१७ उजाडलं. कॉलेजात आम्हाला हा खटला घोकून घेतला होता, संझगिरींचा कुणी शिकवला नाही. मला मात्र कामाला तोच येतो.

वहीसाठी सेशन्स कोर्टात अर्ज टाकला, संझगिरी निकालाची प्रत जोडली. संझगिरी स्थानबद्ध होते, माझा अशील कच्चा कैदी, हा फरक सरकारी वकिलांनी काढलाच. न्यायाधीश साहेबांनी एवढंच विचारलं, "कविता कशावर आहेत?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या मुलाखतीत नावं लिहून घेऊन अनुक्रमणिका जोडणार आहे. निम्म्या कवितांना नावंच नाहीत, असा निरोप आलाय.