सासूबाईंच्या खापरपणजोबांची मिल शोधताना

माझं सासर इंग्लंडच्या लँकेशायरमधलं, बर्नली गावचं. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडून ऐकत होते, त्यांच्या खापरपणजोबांची कापडाची मिल होती म्हणून. कुठे, केवढी, नाव काय, काही माहीत नाही. मी मूळची अमरावतीची, कापसाच्या गोष्टी ऐकतच वाढले, म्हटलं आपणच शोधू, आणि दीड वर्ष गेलं त्यात.

सुरुवात जनगणनेपासून केली. 1841 पासूनच्या याद्यांमध्ये घरातल्या प्रत्येकाचं नाव मिळतं, पण 1841 चं वय धरून बसू नका, पंधराच्या वरच्यांचं वय बऱ्याचदा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय. 1851 ते 1881 च्या याद्यांत मालकाने हाताखाली किती माणसं आहेत तेही सांगायचं होतं, आपल्या कामाचं सोनं तेच.

पण एकाच नावाचे दोघं निघाले. एक 'कॉटन स्पिनर' आणि एक 'कॉटन मॅन्युफॅक्चरर'. नेटवर कुणीतरी टाकलेल्या वंशावळीत पहिला होता म्हणून मी चार महिने त्याच्याच मागे लागले. मग कळलं की स्पिनर म्हणजे मालकही असू शकतो आणि सूत कातणारा साधा कामगारही, आणि मॅन्युफॅक्चरर म्हणजे तिकडे सहसा विणकाम करून घेणारा मालक. गुंता सुटला तो मुलाच्या लग्नाच्या दाखल्याने, त्यावर बापाचं नाव आणि धंदा दोन्ही असतं. आपला माणूस दुसरा, म्हणजे मॅन्युफॅक्चरर. त्यामुळे दुसऱ्याची वंशावळ उचलण्याआधी दाखले मागवाच, पैसे लागतात पण चार महिने वाचतात.

1861 च्या पानावर त्याच्या नावापुढे बारीक तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 9 पुरुष, 22 बायका, 6 मुलं कामाला. ते वाचून सासूबाईंचे डोळे भरून आले. मग मी स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने नेटवर फुकट ठेवलेले जुने सहा इंची (म्हणजे मैलाला सहा इंच मापाचे) नकाशे उघडले, त्यात मिल, शेजारची पाण्याची 'लॉज' म्हणजे इंजिनसाठीचं तळं, कालवा, सगळं दिसतं. मिल सापडली पण घरपट्टीच्या वह्यांत मालक म्हणून भलत्याचंच नाव आणि आपला माणूस फक्त वापरणारा! बर्नलीत तेव्हा 'रूम अँड पॉवर' ची पद्धत होती, म्हणजे इमारत आणि वाफेचं इंजिन एकाचं, आणि छोटे धंदेवाले भाड्याने जागा आणि इंजिनने फिरणाऱ्या दांड्याची, शाफ्टची, ताकद घेऊन स्वतःचे माग चालवायचे. मिल त्याची नव्हतीच, माग त्याचे होते. सासूबाईंना सांगायला मला दोन दिवस लागले, पण त्या म्हणाल्या, उसन्या जागेवर धंदा उभा केला म्हणजे जास्तच हिंमत.

पुढचं लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे तिकडच्या सरकारी राजपत्रात मिळालं, तेही नेटवर फुकट. 1862 ला भागीदारी मोडल्याची नोटीस आणि त्यानंतर दिवाळखोरीची. वर्ष बघून लक्षात आलं, अमेरिकेत यादवी सुरू, तिकडचा कापूस बंद आणि लँकेशायरात हजारो लोक बेकार. त्या काळी हिंदुस्थानातून आलेल्या सगळ्या कापसाला तिकडे 'सुरत' म्हणायचे. आखूड धाग्याचा, मागावर सारखा तुटायचा, विणकर वैतागलेले असायचे. जुन्या वर्तमानपत्रात त्याचं नाव शोधता शोधता लिव्हरपूलच्या कापूस बाजाराच्या भावांचा तक्ता लागला आणि त्यात एक ओळ होती, 'ऊमरावती'. माझं गाव! मी लॅपटॉपसमोरच रडायला लागले. आमच्या वऱ्हाडच्या कापसाने त्या काळात भाव पाहिला आणि याच्या दारात मागच थांबलेले, आणि दोघांचाही हिशोब त्या एका तक्त्यात.

1871 च्या यादीत तो पुन्हा बर्नलीतच आहे, पण 'लूम ओव्हरलुकर' म्हणून, लँकेशायरात त्यालाच टॅकलर म्हणायचे, दुसऱ्याच्या मिलमधले माग दुरुस्त करणारा. सासूबाईंनी ते पान फ्रेम करून लावलंय, 1861 चं नाही, हेच. मला त्यांची निवड पटली.

आता त्या 22 बायकांची नावं शोधतेय. मालकाच्या यादीत फक्त आकडा आहे, पण बाया त्याच मोहल्ल्यात राहत असणार, म्हणून 1861 चं एकेक पान उलटतेय, जिथे 'पॉवर लूम वीव्हर' म्हणजे यंत्रमागावर विणणारी दिसेल तिथे नाव उतरवून घेतेय. काल तेरावं मिळालं, वय 19.