घरच्या मांजरांमध्ये नवं मांजर आणताना: माझा अनुभव

घरात दोन मांजरं असताना तिसरं आणलं की सगळे नव्याभोवती गोळा होतात. लक्ष ठेवायचं असतं ते जुन्यांवर. सोफ्याच्या कडा, दाराची चौकट, कपाटाचा कोपरा, सगळीकडे गाल घासून त्यांनी आपला वास लावून ठेवलेला असतो. त्यात परक्या वासाचं मांजर शिरलं की ती त्यांच्या लेखी घुसखोरीच. ओळख किती भराभर पुढे न्यायची हे जुनी मांजरं ठरवतात. मुंबईच्या वन बीएचकेत दोन भाट्या, म्हणजे माद्या, असताना सोसायटीच्या आवारातला बोका घरात घेताना मी याच हिशोबाने चालले.

बोका आधी डॉक्टरांकडे, मग घरी. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात जा नाहीतर नाक्यावरच्या दवाखान्यात, मांजर न्यायच्या कॅरिअरवर चादर टाका आणि तो जमिनीवर ठेवू नका. तिथे आजारी जनावरं बसून गेलेली असतात. एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणाऱ्या दोन विषाणूंची तपासणी रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावर तिथल्या तिथे होते. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे एफआयव्ही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून ती नंतर पुन्हा करायची. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा मळ दिसला तर गोचीडवर्गातले बारीक किडे असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात गजकर्णही तपासून घ्या, ते माणसांनाही होतं. पिसवांसाठी कुत्र्यांचे थेंब मांजराला कधीही लावू नका. त्यांतल्या अनेकांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं. बोक्याची नसबंदी झालेली नसेल तर ती आत्ताच. त्यानंतरही अंगातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे जातात, तोवर समोरासमोर भेट नको.

घरी आल्यावर दोन आठवडे वेगळी खोली. हे स्वभावासाठी जितकं, तितकंच रोगांसाठी. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर महिनोन् महिने टिकतो, आणि त्याचं इंजेक्शन घरच्या मांजरांना आधीच दिलेलं असायला हवं. फरशीसाठी एक भाग साधं घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून मग स्वच्छ पाण्याने पुसायचं. फिनाईल मात्र घरातून काढून टाका. मांजराच्या यकृताला फेनॉल पचवता येत नाही, आणि पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतंच. ही गोष्ट कामाला येणाऱ्या मावशींनाही नीट समजावून सांगा.

वेगळी खोली म्हणजे आमची बेडरूम. एका कोपऱ्यात लिटर ट्रे, समोरच्या कोपऱ्यात पाणी आणि खाणं, मध्ये दोन्ही बाजूंनी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. एकच तोंड असलेल्या खोक्यात मांजर कोंडीत सापडतं. पलंगाखालची जागा आधी बंद करा, नाहीतर तो तिथे बसेल आणि औषधाच्या वेळी हाती लागणार नाही. सरकत्या काचेच्या खिडकीवर भरवसा ठेवू नका, मांजर पंजाने ती सरकवतं. नायलॉनची कबुतरजाळी दाताने कुरतडली जाते. ग्रिलला आतून लोखंडी जाळी बसवून घेतलेली बरी. वन आरकेत तीन फुटी घडीचा पिंजरा चादरीने झाकून चालतो. गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर मात्र हे काम काढू नका. ढोल-फटाक्यांनी बिथरलेलं मांजर त्या भीतीचं खापर नव्यावर फोडतं.

पहिली ओळख वासाची. प्रत्येकाला वेगळा सुती रुमाल. गालावर, हनुवटीखाली हळू फिरवायचा आणि दुसऱ्याच्या खोलीत ठेवायचा. वाटीजवळ, पण वाटीखाली नाही. हुंगून मांजर निघून गेलं तर उत्तम. फिसकारलं तर रुमाल लांब सरकवायचा आणि वाट बघायची. विलगीकरण संपलं की खोल्यांची अदलाबदल: बोका हॉलमध्ये, भाट्या बेडरूममध्ये, तासभर.

खरं काम होतं ते बंद दाराशी. त्यासाठी दिवसभर भरून ठेवलेली वाटी आधी बंद करावी लागते. खाणं ठरावीक वेळी आणि वीस मिनिटांनी वाटी उचलायची, कारण पोट भरलेल्या मांजराला दाराजवळ येण्याचं कारणच उरत नाही. वाट्या दारापासून तीन-चार फुटांवर ठेवून सुरुवात करायची. दोन्हीकडे सगळी शांतपणे खात असतील तर पुढच्या वेळी अर्धा फूट जवळ. कुणी खाता खाता थांबून दाराकडे टक लावलं की परत मागे. दाराशी द्यायला काहीतरी खास हवं: उकडून काटे काढलेली मांदेली, बिनमिठाचं चिकन. सुकट नको, त्यात मीठ फार. आणि जाड मांजर पूर्ण दिवसभर काहीच खात नसेल तर थांबू नका, उपाशी राहिल्याने त्याचं यकृत बिघडतं.

मग नजरानजर. वेल्क्रोची मच्छरजाळी एका झटक्यात फाटते. सुताराकडून दाराच्या मापाची लाकडी चौकट करून तिला तारेची जाळी ठोकून घेतली की ती पुढेही उपयोगी पडते. जाळीवर चादर टाकायची आणि रोज थोडी वर घ्यायची. भेट दोन-तीन मिनिटांची, खाण्याबरोबर, आणि सगळं ठीक चाललेलं असतानाच संपवायची. लोक फिसकारण्याला घाबरतात, पण ते ‘लांब राहा’ इतकंच सांगणं आहे. धोका असतो तो न हलता रोखलेल्या नजरेत, मागे चपट्या झालेल्या कानांत, आपटणाऱ्या शेपटीत. अशा वेळी मध्ये पुठ्ठा सरकवा. हात नाही, चिडलेलं मांजर जवळ येईल त्याला चावतं.

जाळी काढायच्या आधी सगळ्यांना खेळवून दमवायचं. भेट हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या बोळात नाही. प्रत्येकाला वर जायची वाट हवी. आपल्या घरांतला माळा इथे फार कामाचा. एक स्टूल आणि फ्रिजचा माथा मिळाला की पायऱ्या तयार. जुंपलीच तर मध्ये उशी घाला, जाड टॉवेल टाका. ओरडू नका, पाणी मारू नका. तो त्रास ती दुसऱ्या मांजराच्या नावावर जमा करतात. त्यानंतर एक-दोन दिवस दार बंद आणि ओळखीच्या मागच्या टप्प्यावर परत. अंगावरून बोटं फिरवून बघा. चाव्याचं भोक केसांत दिसत नाही, पण दोन-चार दिवसांत तिथे गळू धरतं.

तीन मांजरांना चार ट्रे हवेत. एका ओळीत मांडलेले चार म्हणजे मांजराच्या हिशोबी एकच, कारण एक दादा वाटेत बसला की सगळे बंद. बाल्कनी, बाथरूम, बेसिनखाली, बेडरूम असे विखरून ठेवा. झाकणाचे ट्रे या काळात नकोत. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. ताणाने असा अडथळा येतो आणि दिवस-दोन दिवसांत जीव जातो. रात्री उघडा असणारा दवाखाना आधीच शोधून ठेवा.

सगळं जुळायला काही आठवडे लागतात, कधी महिनेही. जुळल्यावरही एक प्रसंग नेहमी येतो: एक मांजर दवाखान्यातून येतं आणि औषधाच्या वासामुळे बाकीची त्याला ओळखत नाहीत. आल्या आल्या हॉलमध्ये सोडू नका. काही तास बेडरूममध्ये, त्याच्याच जुन्या चादरीवर ठेवा, आणि मग दाराशी वाट्या मांडा.