सोलापूर ते येडशी: दोन माळांच्या मधली जमीन

नान्नजला जाणारे बहुतेक जण माळढोक अभयारण्यातल्या मनोऱ्यावरून काळवीट पाहतात आणि सोलापूरला परततात. आम्ही मात्र अभयारण्याच्या तुकड्यांपेक्षा त्या तुकड्यांच्या मधली जमीन पाहायला निघालो होतो. सोलापूर, नान्नज, वडाळा, वैराग, बार्शी, पांगरी, येडशी असा साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता. नोव्हेंबरअखेर, रब्बीची ज्वारी वर येऊ लागलेली, माळ पिवळा झालेला.

मधल्या जमिनीचं महत्त्व वाढत्या उन्हाळ्यामुळे आहे. उंची किलोमीटरभर वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. सह्याद्रीतल्या प्राण्याला एक अंश थंडावा हवा असेल तर दीडशे मीटर चढलं की झालं. सोलापूरच्या माळावर चढायला डोंगरच नाही. तेवढाच फरक गाठायला आडवं चालायचं तर अंतर शेकडो किलोमीटरचं होतं. त्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही एका महसूल मंडलात धो धो, शेजारच्या मंडलात कोरडा. गवत एका माळावर करपतं तेव्हा वीस किलोमीटरवरच्या माळावर हिरवं असू शकतं. काळवीट, लांडगा, खोकड, पखुर्डी पक्षी यांचं सगळं जगणं या हलण्यावर बेतलेलं आहे. म्हणून इथे नुसती जागा राखून भागत नाही, जाण्याची वाट राखावी लागते.

अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. प्रत्यक्ष गवताचे माळ त्यातही सुटे-सुटे आहेत, मधे खाजगी शेती. ही शेती पूर्वी अडसर नव्हती. ज्वारी, तूर, हरभरा, करडई या पिकांत काळवीट शिरतात, लांडगा रात्री ओलांडून जातो, माळढोक स्वतः हरभऱ्याच्या रानात किडे टिपतो. अडचण बागायतीने आली. द्राक्षाचं सोनाका हे वाण याच नान्नजचं, आणि गावाने त्यावर संसार उभे केले आहेत, त्यात चूक काही नाही. पण द्राक्षबाग म्हणजे खांब, तारा, जाळी आणि भोवती कुंपण. माळावरच्या प्राण्याच्या दृष्टीने ती भिंत आहे.

नान्नजच्या माळावर पहिली नजर झाडांवर जाते. गवताळ प्रदेशाला 'पडीक' समजून जुन्या काळात ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावली गेली. माळावर घरटं करणारे पक्षी दूरवर दिसेल अशी मोकळी जागा धरतात. झाडांची रांग म्हणजे शिकारी पक्ष्याला बसायला फांदी. ग्लिरिसिडिया नुसती छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, मूळ काढावंच लागतं. वेडी बाभूळ त्याहून चिवट. तिचे फुटवे जमिनीखालच्या भागातून येतात, त्यामुळे खोड जमिनीच्या खाली वीतभर खोल तोडलं नाही तर पुढच्या पावसाळ्यात एकाच्या जागी पाच फांद्या उभ्या राहतात. शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या लेंड्यांतून बी पसरतं, म्हणून तोडणी शेंगा पिकायच्या आत.

झाडं काढली की गवत आपोआप येईल, असं धरून चालणं ही सगळ्यात महागडी चूक. उघड्या मुरमावर आधी गाजरगवत येतं. त्यामुळे तयारी वर्षभर आधीपासून लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जवळच्याच माळावरून शेडा, पवन्या, डोंगरी, मारवेल या गवतांचं बी हाताने ओरबाडून गोळा करायचं, सावलीत वाळवायचं, कापडी पिशवीत ठेवायचं. ताजं बी सहसा उगवत नाही, त्याला काही महिने झोप लागते. जूनपर्यंत ती संपते. हेक्टरी पाच-सहा किलो बी, मातीत आणि शेणखतात मिसळून, अगदी वरच्या थरात. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवण बसते. जिथे बी वाहून जाईल अशा उतारावर मुळासकट ठोंब लावावेत, ६० बाय ४५ सेंटिमीटरवर. हेक्टरी सदतीस हजार ठोंब लागतात, म्हणून ही पद्धत पट्ट्यांपुरतीच परवडते. पहिले दोन पावसाळे चराई बंद. माळावर सलग समतल चर खणणं मात्र टाळावं. डोंगरउतारावर ते उपयोगी असतील, पण पातळ मातीच्या सपाट माळावर ते वरचा थर उलटा करतात, आणि उलट्या मातीवर तणच आधी बसतं.

चराई कायमची बंद ठेवणंही बरोबर नाही. गवत कमरेएवढं झालं की धाविक आणि चंडोल हे पक्षी तिथून उठतात. त्यांना आखूड गवत लागतं. हिवाळ्यात येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी मात्र रात्री उंच गवतात उतरतात. दोन्ही हवं असेल तर माळाचे भाग पाडून चराई फिरती ठेवावी लागते. हे काम धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. वडाळ्याच्या पुढे एका ओढ्याकाठी धनगरांचा वाडा मुक्कामाला उतरला होता, मेंढ्यांभोवती वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावलेलं, भोवती कुत्री. मेंढीच्या लोकरीत कुसळी गवताचं बी अडकतं आणि पुढच्या मुक्कामी पडतं, म्हणजे कळप स्वतःच माळ जोडत जातो. लांडगाही त्याच वाटेने मागे असतो. कोकरू गेलं तर भरपाई लवकर आणि पूर्ण मिळाली पाहिजे, यावर आमचं ठाम मत आहे. लांडग्याचं भवितव्य कुठल्याही कुंपणापेक्षा मेंढपाळाच्या सहनशीलतेवर जास्त टिकून आहे.

वडाळा ते वैराग या टप्प्यात कुंपणं मोजायचं सोडून दिलं. काटेरी तार, चेन-लिंक जाळी, झटका मशीन. काळवीट उंच उडी मारू शकतं, तरी कुंपणापाशी ते बहुधा खालून वाट शोधतं. अमेरिकेतल्या गवताळ भागात प्राँगहॉर्न नावाच्या हरणासारख्या प्राण्याची हीच सवय. तिथे सुचवलेलं माप इथेही वापरून पाहण्यासारखं आहे: तळची तार जमिनीपासून १६ ते १८ इंच वर आणि ती साधी, बिनकाट्याची, सगळ्यात वरची तार ४२ इंचांच्या आत. बागेला संपूर्ण वेढा घालायचाच असेल तर दोन शेतकऱ्यांनी मिळून मधला बांध आणि ओढ्याची कड मोकळी सोडावी. ओढ्याला लागून दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मीटर गवत, तरवड, बोर, हिवर राहिलं तरी खोकड आणि कोल्हा तिथून सहज सरकतात. गायरान आणि पाणंद रस्ते हे या जाळ्याचे बाकीचे धागे. त्यांवर अतिक्रमण झालं की धागा तुटला.

शेततळ्यांचा धोका फार कमी लोकांच्या लक्षात येतो. '३० बाय ३० बाय ३ मीटर'चं तळं, त्यावर प्लास्टिकचं अस्तर. तहानलेला प्राणी उतरतो आणि गुळगुळीत उतारावर त्याचे पाय ठरत नाहीत. कडक उन्हाळ्यात, आजूबाजूचं पाणी आटल्यावर, हा धोका सगळ्यात जास्त. उपाय स्वस्त आहे: निदान दोन कोपऱ्यांत काथ्याची जाड जाळी किंवा दोराने बांधलेले जुने टायर, वरच्या काठापासून थेट तळापर्यंत सोडलेले. अर्ध्यावर सोडले तर मे महिन्यात पाणी त्यांच्या खाली गेलेलं असतं आणि शिडी लोंबकळत राहते. वरचा दोर काठावरच्या खुंटीला बांधावा, प्लास्टिकला भोक पाडू नये. उघड्या विहिरींना मीटरभर उंचीचा कठडा, एवढंच.

विजेच्या तारांबद्दल थोडक्यात. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, वळायला वेळ लागतो. तारांवर दर ५ ते १० मीटरवर फिरते परावर्तक लावल्याने धडका कमी होतात, थांबत नाहीत. ११ केव्हीच्या वाहिन्या माळाच्या कडेने भूमिगत करणं हाच खरा उपाय. मादी एका वेळी एकच अंडं घालते. महाराष्ट्रात हा पक्षी जवळजवळ संपला आहे आणि एकेक मृत्यू भरून निघत नाही.

बार्शी सोडून पांगरीकडे निघालं की जमीन उचलू लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, धाराशिवचं पठार साडेसहाशेच्या. सव्वा अंशाचा थंडावा, आणि बालाघाट डोंगररांगेच्या दऱ्यांत सावली. माळावरच्या प्राण्यांना सगळ्यात जवळची चढण हीच. येडशी रामलिंग घाट अभयारण्य अवघं बावीस चौरस किलोमीटरचं, तरी डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला आणि पट्ट्यांवरून तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. साडेचारशेहून अधिक किलोमीटर, बहुतेक शेतांमधून. म्हणजे वाट अजून शिल्लक आहे.

ही वाट रुंद चौपदरी रस्त्यांवर अडते. प्राण्यांना रस्त्याखालून जायला ठेवलेल्या भुयारी मार्गाचा मोकळेपणा मोजायची साधी रीत आहे: रुंदी गुणिले उंची, भागिले लांबी, सगळं मीटरमध्ये. हरणांसाठी हा आकडा ०.६ च्या वर असावा असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. ४५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच पेटीमोरीचा (चौकोनी काँक्रीट मोरीचा) आकडा ०.२७ येतो, तिच्यात काळवीट शिरणार नाही. रुंदी १० आणि उंची ४ केली तर ०.८९. पेंचजवळच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असे नऊ मार्ग बांधले आहेत आणि वाघांसकट अनेक प्राणी ते वापरतात. नवा रस्ता आखतानाच ओढ्यावरचा पूल दोन गाळे जास्त लांब ठेवला तर वेगळा मार्ग बांधायचीही गरज उरत नाही.

जुन्या मोऱ्या खोकड, मुंगूस, साळिंदर यांच्या कामाच्या आहेत, फक्त तीन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. आत पाण्याच्या पातळीच्या वर अर्धा मीटर रुंदीचा कोरडा कट्टा. मोरीच्या तोंडाशी पाण्याने खणलेला खड्डा दगडांनी भरून उतार करणं, नाहीतर लहान प्राण्याला वर चढता येत नाही. आणि जूनच्या आधी आतला प्लास्टिक कचरा व वेडी बाभूळ काढणं. येडशीच्या वाटेवर पाहिलेल्या मोऱ्यांपैकी बऱ्याच याच एका कारणाने बंद होत्या.