देवाला घाई नसते म्हणे

आमच्या घरात माळकरी बहुमतात आहेत. आणि या बहुमताचं ठाम मत असं की, देव माणसाला हळूहळू शहाणं करतोय. सतीची चाल गेली, बायका शिकल्या, अस्पृश्यता कायद्यानं गेली, ते सगळं त्यानंच करून घेतलं. मी शंका काढली की धाकटे दीर ठरलेलं वाक्य टाकतात, "वहिनी, देवाला घाई नसते."

देवाला नसेल हो. चोखोबाला होती ना!

एकादशी मीही धरते, तेव्हा हे कुणा नास्तिक बाईचं बोलणं समजू नका. पण पंढरपूरला महाद्वारासमोर उभं राहिलं की माझं गणित बिघडतं. नामदेव पायरीवर पाय पडू नये म्हणून लोक जपून चालतात, वाकून हात लावतात. तिच्यासमोर चोखोबांची समाधी. अस्पृश्य म्हणून या संताला देवळात शिरू दिलं नव्हतं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. परंपरा ते साल १३३८ च्या आसपासचं मानते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही मुक्काम दाराबाहेरच. आणि हे दार सगळ्यांना उघडलं १९४७ मध्ये.

सहाशेवर वर्षं. एवढा वेळ लागणारं मार्गदर्शन असेल, तर त्याला मार्गदर्शन म्हणायचं का?

पंढरीचं मोठेपण काय, तर इथे देवाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. तासन् तास दर्शनबारीत घासत पुढे सरकायचं. गाभाऱ्यात कपाळाला तो गार दगड लागतो न लागतो तोच खांद्याला हात पडतो, "चला माउली, चला." क्षणभराचा स्पर्श, पण त्यासाठी माणसं अख्खी वाट तुडवत येतात. नेमका हाच स्पर्श नाकारला होता. चोखोबांचा विटाळ देवाला होत नव्हता, असं सगळे संत सांगतात. मग तो कुणाला होत होता, हे उघड आहे.

१ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने ते गावोगाव फिरून लोकांना समजावत होते. देश स्वतंत्र होण्याच्या बेतात होता आणि हा हळवा मास्तर एका देवळाच्या दारासाठी जीव पणाला लावून बसला होता. दहाएक दिवसांत मंदिर खुलं करायचं ठरलं. त्यावर काही बडव्यांनी, म्हणजे देवळाच्या पिढीजात पुजाऱ्यांनी, मूर्तीतलं देवत्व आधीच घागरीत काढून घेतलं, अशी गोष्ट अजून सांगितली जाते. म्हणजे लोक आत आले तरी देव काही त्यांना भेटायचा नाही! मला या गोष्टीचं हसू येतं आणि लगेच अंगावर काटाही येतो.

दीर म्हणतात, गुरुजींना ती बुद्धी देवानंच दिली. बरं, दिली. मग घागरवाल्यांना कुणी दिली? तेही देवाचंच नाव घेत होते, रोज पूजा करत होते, गुरुजींपेक्षा त्याच्या जवळ राहत होते.

आणि बाबासाहेबांचं काय करायचं? २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ मध्ये ते नागपूरला बौद्ध झाले, ज्या धर्मात जग चालवणारा देवच नाही. आमच्याकडचं उत्तर तयार असतं, "तीही त्याचीच लीला." या युक्तिवादात देवाला हरताच येत नाही. जवळ आला तो त्याचा, पाठ फिरवली तोही त्याचाच. मला हे लबाडीचं वाटतं.

महात्मा गांधींसारखा माणूसही इथे घसरला. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला, तेव्हा ते म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. असला तर्क गांधींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त शोभतो, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. ढिगाऱ्याखाली मेलेल्या गरिबांनी कुठलं देऊळ बंद ठेवलं होतं?

मला काय वाटतं ते सांगते. देव वाट दाखवत असेलही, पण "तो करून घेईल" हे वाक्य ज्यांचं काही अडलेलं नसतं तेच म्हणतात. दाराबाहेरच्या माणसाला ते ऐकवणं म्हणजे त्याच्या सहाशे वर्षांना आमच्या सुधारणेची शिकवणी करून टाकणं. गुरुजींना बळ विठ्ठलानं दिलं असेल, मला ते पटतं. पण उपाशी गुरुजी राहिले.

चोखोबांच्याच घरात हा वाद होऊन गेलाय. बाप आपल्या जन्माचा दोष मागल्या कर्मावर घालतो. आई, सोयराबाई, विचारते, विटाळाशिवाय कुठला देह जन्मला? आणि पोरगा, कर्ममेळा, थेट देवालाच धारेवर धरतो : आम्हाला हीन जातीत घातलंस, तुला कळत कसं नाही?

कीर्तनात बापाचे अभंग भरपूर ऐकलेत, पोराचे जवळजवळ नाहीत. यंदा गल्लीतल्या सप्ताहाच्या वर्गणीचा हिशोब माझ्याकडे आहे, तेव्हा बुवांना एक दिवस कर्ममेळ्याचा अभंग निरूपणाला घ्या म्हणून सांगणार आहे. दीर आत्ताच नको म्हणतायत.