जहाज कोरलेली तबकडी आधी उलटून बघा

नांगर, होकायंत्र, शिडाचं गलबत अशी तबकडी असलेली जुनी खिशातली घड्याळं ऑनलाइन लिलावात कायम दिसतात आणि त्यातली कित्येक ‘नौदलाची’ म्हणून विकली जातात. नौदलांनी खरोखर वापरलेली घड्याळं मात्र साधी असत. अमेरिकन कंपनी हॅमिल्टनचं ४९९२बी घ्या: काळी तबकडी, २४ तासांचे आकडे, २२ ज्युएल (चाकांचं घर्षण कमी करणारे खडे). समुद्रावर जहाजाची जागा काढायची तर सेकंदन् सेकंद स्वच्छ वाचता यायला हवा. तिथे चित्राचं काय काम?

सजवलेल्या तबकड्यांखाली बऱ्याचदा रशियातल्या चेल्याबिन्स्कच्या कारखान्याचं मोल्निया ३६०२ मशीन निघतं. मशीन फार छान आहे. १८ ज्युएल, ३६ मिमी व्यास, ताशी १८,००० ठोके, शिवाय सुटे भागही मिळतात. कारखान्याच्या झाकणांवर जहाजं आहेत, पण ती ठशाने उठवलेली. तबकडी बहुधा साधीच असे.

कोरीव काम दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात बघा. हाताने मारलेली रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते, पुन्हा निमुळती होते आणि चरीच्या भिंती चकाकतात. लेझरची रेघ सगळीकडे सारख्या रुंदीची, तळ खरखरीत. आम्लाने खाल्लेल्या चरीचा तळ सपाट आणि कडा कुरतडलेल्या. जुन्या पांढऱ्या एनॅमलच्या तबकडीवरचं जहाज ‘कोरलेलं’ आहे असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. एनॅमल म्हणजे काच, त्यावर चित्र रंगवून भट्टीत भाजतात.

खरी गोष्ट कळते ती तबकडीच्या मागच्या बाजूला. आधी चावी धरून स्प्रिंग अडवून ठेवणारा खटका हलकेच बाजूला करा आणि स्प्रिंग सावकाश उतरू द्या. मग चावीच्या दांड्याजवळचा स्क्रू एक-दोन फेरेच सैल करा. जास्त फिरवलात तर आतली तरफ तबकडीखाली सुटते. दांडा काढून मशीन बाहेर घ्या, तबकडीवर पातळ प्लॅस्टिक ठेवून काटे उचला, कडेचे स्क्रू सैल करून तबकडी सरळ वर काढा. पाठीवर तिचे मूळ पाय, म्हणजे मशीनच्या भोकांत बसणाऱ्या बारीक खुंट्या, असले तर उत्तम. पाय कापून दुहेरी चिकटपट्टी लावलेली असेल तर पुढचा त्रास ठरलेला: पट्टी सरकते, सेकंद काट्याचा दांडा भोकाच्या कडेला घासतो आणि घड्याळ मध्येच थांबतं. झटपट गोंदाने चिकटवलेली तबकडी त्याहून वाईट, कारण त्याची वाफ मशीनवर पांढरी साय धरते.

नवी तबकडी बनवून घेणार असाल तर जाडी मूळ तबकडीइतकीच ठेवायला सांगा. पाव मिलिमीटर जास्त झाली तरी तासकाटा नीट बसत नाही, मिनिटकाटा काचेला लागतो. कोरण्यासाठी पत्रा जाड हवा असं कारागीर म्हणेल. तिथे हट्ट धरा, चर उथळ चालेल.

चांदीच्या जुन्या कोरीव तबकडीला पॉलिश लावू नका, गरम पाणीही नको. आकड्यांत भरलेलं काळं मेण निघून येतं आणि मुलामा असेल तर तोही जातो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली की पुरे. बदललेली मूळ तबकडी, ओरखडलेली का असेना, कागदात गुंडाळून घड्याळासोबतच ठेवा आणि विकताना तीही द्या.